दोघांनी पाहिलं तरच

चिंचणीच्या पागधऱ्यांच्या घरात जन्म घेऊनही कृष्णकांतला समुद्र काही सोसला नाही. सोळाव्या वर्षी बापाने त्याला पहिल्यांदा होडीवर नेलं. तो जाताना ओकला, येताना ओकला, आणि मधल्या वेळात नुसताच पडून राहिला. किनाऱ्याला लागल्यावर बाप त्याच्या आईला म्हणाला, "याला कंपनीत घाल. यो मासं काय धरनार, यालाच धराला दोन मानसं लागतात." पुढे बॉयलरची परीक्षा देऊन तो तारापूरच्या एमआयडीसीत, रंगासाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. त्याला आता एकतीस वर्षं झाली. खारं पाणी नशिबात नव्हतं, उकळतं पाणी आलं.

बॉयलरवाल्याचं काम असं की ते नीट चाललं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघायची, दाबाचा काटा बघायचा, ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवून तळाचा गाळ सोडायचा, पुन्हा पातळी बघायची. आठवड्याला पाळी बदलते. पहिली, दुसरी, रात्रपाळी, पुन्हा पहिली. अशी एकतीस वर्षं केल्यावर माणसाची झोप कुठल्या पाळीत आहे ते त्याचं त्यालाही कळेनासं होतं. कृष्णकांत जेवताना झोपायचा आणि अंथरुणावर जागा राहायचा. पुष्पलता, त्याची बायको, डॉक्टरांकडे घेऊन गेली तर डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, आराम करा. आराम करा हे सांगायला डॉक्टरांनी फी घेतली याचा पुष्पलतेला आजही राग आहे.

या माणसाला एकच शौक होता, आणि तो घरात कुणालाही धड समजावून सांगता येत नव्हता. बोईसर स्टेशनच्या फलाटाच्या उत्तरेकडच्या टोकाला, शेड संपते तिथे उभं राहून तो इंजिनं बघायचा. गाडीत बसायचा नाही, कुठे जायचा नाही. रीतसर फलाट तिकीट काढायचा, उभा राहायचा, इंजिन गेलं की त्याचा नंबर वहीत उतरवायचा आणि घरी यायचा. शेजारणी पुष्पलतेला विचारायच्या, नवरा रोज स्टेशनावर कोणाला आणायला जातो? ती म्हणायची, "दुसऱ्यांच्या घरवाल्या दारूच्या नावानं रडतात. आमच्या ह्यांना इंजिन चढतं. वास तरी येत नाय."

या वेडात त्याला एक जोडीदार होता. सुका. मासवणच्या पलीकडचा, डोंगराकडच्या पाड्यावरचा वारली. पावसाच्या पाण्यावर जेवढं भात होईल तेवढं करायचं आणि दिवाळीनंतर मिळेल त्या कामावर जायचं, अशी त्याची रीत. एकोणीस वर्षांपूर्वी तो रुळांवर खडी टाकणाऱ्या ठेकेदाराकडे होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मजूर सावलीला पडायचे आणि हा उन्हात उभा राहून मालगाडी बघायचा. कृष्णकांतने ते पाहिलं. आपल्यासारखाच दुसरा येडा भेटल्यावर माणसाला ओळख करून घ्यायला फारसं बोलावं लागत नाही. आता सुका एका कॉलनीत माळीकाम करायचा आणि सुटला की स्टेशनावर हजर असायचा.

दोघांची बघण्याची तऱ्हा मात्र वेगळी. कृष्णकांत नंबर वाचायचा. सुका चेहरा वाचायचा. शाळेत तो दुसरीपर्यंत गेलेला, आकडे त्याला कृष्णकांतनेच शिकवले, तेही इंजिनावरचेच. पण आकड्यांआधीच त्याला इंजिनं ओळखता येत होती. एकाच्या नाकावर पोचा होता, ते चपटं. एकाच्या पिवळ्या पट्ट्याचा रंग दोन्हीकडे खाली ओघळला होता, ते मिशाळ. लांबून दिवा दिसायचा आणि हा म्हणायचा, "मिशाळ आला." कृष्णकांत डोळे ताणून नंबर वाचायचा, आणि मिशाळच असायचं.

सुका सगळ्यांना तूच म्हणायचा. स्टेशनमास्तरला तू, साहेबाला तू, डोंगरावरच्या देवालाही तू. त्याच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच. कृष्णकांतला तो दादा म्हणायचा, आणि तूही म्हणायचा.

त्यांच्या मैत्रीला एक नियम होता. तो कसा झाला हे सांगितलं पाहिजे, कारण कृष्णकांतला ते आठवलं की अजून मान खाली घालावीशी वाटते. ओळख नवी होती तेव्हाची गोष्ट. कृष्णकांत चहा आणायला गेला होता आणि तेवढ्यात एक इंजिन गेलं. सुकाने नंबर सांगितला, पाचही आकडे, नुकतेच शिकलेले. कृष्णकांतने वही उघडली नाही. "तुला वाचता कुठं येतं रे?" असं म्हणाला, हसून. हसून म्हटलेलं जास्त लागतं हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. सुका तीन आठवडे फिरकला नाही. परत आला तेव्हा माफी कशी मागावी ते कृष्णकांतला सुचेना, म्हणून त्याने नियम केला. दोघांनी एकत्र पाहिलं तरच वहीत खूण करायची. तू एकट्याने पाहिलंस तर नाही, आणि मी एकट्याने पाहिलं तरीही नाही. सुका म्हणाला, "असाच पायजे." तिथून एकोणीस वर्षं तो नियम कुणी मोडला नाही. कृष्णकांतने एकट्याने पाहिलेली कितीतरी इंजिनं, केवळ सुका वीटभट्टीवर होता म्हणून, खुणेवाचून राहिली होती आणि मग सुका परत आल्यावर महिनोन् महिने वाट बघून दोघांनी मिळून पाहिली होती.

वहीत एक यादी होती. वलसाड शेडच्या जुन्या, मालगाड्या ओढणाऱ्या एका जातीच्या इंजिनांची. ती सगळी बघायची असं दोघांनी ठरवलं होतं. का ठरवलं याला उत्तर नाही. लोक बाराही ज्योतिर्लिंगं करतात, त्यांना कुणी विचारत नाही. एकेक करत सगळ्या नंबरांपुढे खूण झाली, आणि एकच राहिलं. शेवटचे आकडे तीनशे चौदा. हे इंजिन बहुतेक भुसावळच्या बाजूला राबायचं, इकडे क्वचित यायचं, आणि आलं की या दोघांपैकी कुणीतरी नसायचंच. एकदा तर कृष्णकांतच्या मुलीच्या, रिद्धीच्या, लग्नाच्या दिवशी आलं. सुका चिंचणीला मांडवात पंगतीत वाढत होता, कृष्णकांत व्याह्यांच्या पुढे हात जोडून उभा होता, आणि धर्मेशचा फोटो आला. तीनशे चौदा, बोईसरवरून आत्ता गेलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांची तोंडं अशी उतरली की विहीणबाईंना वाटलं, देण्याघेण्यात काही कमी पडलं. हा धर्मेश म्हणजे सफाळ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला, त्यांच्याच पंथातला तरुण. दुकान बंद करून वैतरणेच्या पुलाजवळ उभा राहणारा.

आता ती जात संपत चालली होती. वय झालेली इंजिनं भंगारात निघत होती. त्यांच्या जागी आलेली नवी इंजिनं सुकाला आवडत नसत. "सगली एका आयशीची," तो म्हणायचा, "एकाला झाक न् दुसऱ्याला काड." आणि बिनइंजिनाच्या त्या पांढऱ्या गाड्या तर दोघंही मोजतच नसत. त्या आल्या की दोघं दुसरीकडे बघायचे.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी अकरा वाजता धर्मेशचा फोन आला तेव्हा कृष्णकांत बॉयलरवर होता. खरं तर तो तिथे असायला नको होता. आठवड्यातली त्याची शेवटची रात्रपाळी सातला संपली होती. पण पहिल्या पाळीचा माणूस आला नाही, आणि बॉयलर पेटता ठेवून कुणी घरी जात नाही. सुपरवायझर म्हणाला, डबल कर. असं या महिन्यात पाचव्यांदा झालं होतं.

"काका, तीनशे चौदा येतंय," धर्मेश म्हणाला. त्याचा आवाज घाईचा होता. "शेवटचं. मालगाडीच्या चालू इंजिनामागे बंद जोडलंय. वलसाडला नेतायत आणि तिथून भंगारात. पुन्हा नाही दिसणार काका. वसईला उभं आहे."

कृष्णकांतने काचेच्या नळीतल्या पातळीकडे पाहिलं. पातळी बरोबर होती. त्याला एकदम भीती वाटली. एवढ्या वर्षांत कधी वाटली नव्हती अशी, की आता हेही हातचं जाणार. त्याने सुकाला फोन लावला. सुकाचा शनिवारी अर्धा दिवस असायचा.

"चारच्या सुमाराला येईल," कृष्णकांत म्हणाला. "काही झालं तरी ये."

"मी दोनलाच येतो," सुका म्हणाला. "तू ये म्हंजे झाला."

तीनला सुटून कृष्णकांत रिक्षाने स्टेशनावर आला तेव्हा साडेतीन झाले होते. सोळा तास उभा राहिलेला माणूस. पाय त्याचे होते, पण ऐकत नव्हते. ऊन असं की फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. सुका शेवटच्या बाकड्यावर बसला होता. बाकड्याशेजारी ठमी नावाची, सुकाच्याच बाजूची एक म्हातारी ताडगोळ्यांची टोपली घेऊन बसलेली. ती उन्हाळाभर तिथेच बसायची आणि या दोघांना "गाडीवाले" म्हणायची.

धर्मेशचा निरोप आला होता. वैतरणा, तीन बत्तीस. कृष्णकांतने हिशेब केला. मालगाडी, पालघरला तिला बाजूला घेतील, मागची एक्स्प्रेस पुढे काढतील. म्हणजे इथे चार वीस, चार पंचवीस.

"अजून वेळ आहे," तो बाकड्यावर बसत म्हणाला. "पाच मिनिटं डोळे मिटतो. सिग्नल हिरवा झाला की उठव."

"झोप," सुका म्हणाला.

"उठव हां. विसरू नकोस."

"झोप र तू."

कृष्णकांतने डोळे मिटले.

त्याला जाग आली ती कशाने ते कळलं नाही. तोंडावर सुकाचा पंचा होता, उन्हासाठी टाकलेला. पंचा बाजूला केला तर उजेड वेगळाच होता, पिवळा, कलता. त्याने घड्याळ पाहिलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. एक क्षण त्याला वाटलं, गाडी उशिरा असेल. गाड्या उशिराच असतात. मग त्याने सुकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आलं नाही ना अजून?"

सुका समोर बघत राहिला. "गेला."

"काय?"

"गेला, दादा. मना बी डोला लागला."

कृष्णकांत उठून उभा राहिला. उत्तरेकडे रूळ रिकामे होते. तिकडे, वाणगावच्याही पुढे, आत्ता या घडीला ते चाललं असेल, आणि हे दोघं इथे.

आणि मग तो बोलायला लागला. थकलेल्या माणसाचा राग वाईट असतो, त्याला आवरायलाही ताकद उरलेली नसते. "एक काम सांगितलं होतं," तो म्हणाला. "एक! एकोणीस वर्षं झाली रे. सोळा तास उभा राहून आलो मी. तू दोनला आलास ना? दुपारभर सावलीत बसून होतास ना? आणि तुला झोप लागली? तुझ्यावर विसंबलो हीच चूक झाली. तुम्हा लोकांना..."

पुढचं त्याने गिळलं. पण जेवढं बाहेर पडायचं तेवढं पडलं होतं. सुकाने ते ऐकलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही, आणि तेच बघवेना. त्याने कृष्णकांतच्या हातातला पंचा घेतला, झटकला, खांद्यावर टाकला आणि तो पुलाच्या जिन्याकडे चालू लागला. घाईने नाही, नेहमीच्याच चालीने.

कृष्णकांत मटकन बाकड्यावर बसला. त्याला स्वतःचीही चीड आली होती आणि सुकाचीही, आणि दोन्हींतली जास्त कुठली ते बघण्याइतकं त्राण नव्हतं.

"काय त बोललास र त्याला?"

ठमी बोलत होती. ताडगोळे सोलायचं थांबवून, सुरी हातात धरून.

"आजी, तुला नाही कळायचं."

"मना नाय कलं? मी हितंच बसली व्हती. तुजे डोले मिटले व्हते, माजे नाय." तिने सुरी टोपलीत टाकली. "त्याला डोला लागला? त्यानं पापनी पन मिटली नाय. झोपला कोन व्हता, तो का तू?"

कृष्णकांत तिच्याकडे वळला.

"तू झोपलास न् तुजा हात लागला फिराला," ठमी म्हणाली. तिने आपला सुरकुतलेला हात हवेत धरून गोल फिरवून दाखवला, सावकाश, एखादं घट्ट चाक फिरवावं तसा. "असा. असा. झोपेत काय काम करं? तो बघत रायला. मंग त्यानं तुजा हात धरला. धरला त तू गप झालास. सोडला का परत फिराला लागं. मंग त्यानं सोडलाच नाय. तवापासना धरून बसला."

कृष्णकांतने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताने तो दर पाळीला तळाचा व्हॉल्व्ह फिरवत आला होता. झोपेतही फिरवतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुष्पलतेला ठाऊक असेल कदाचित, तीही बोलली नव्हती.

"बत्ती हिरवी झाली," ठमी पुढे म्हणाली. "तो उठवाला गेला. खांद्याला हात लावलान. तू कन्हलास. असा कन्हलास का मना वाटला तुला काय व्हतं. तो खाली बसला. गाडी आली, मोठी, दोन विंजनं, मागचा मेलेला. हितून गेली, या हितून." तिने रुळांकडे बोट केलं. रूळ बाकड्यापासून पंधरा पावलांवर होते. "न् त्यानं त्वांड फिरवलान. पार त्या भिंतीकं. मी बोलली, र सुका, दुपारधरना वाट बगतास न् आता बगत नाय? त म्हनतो, यो बगं नाय त मी कसा बगू."

कृष्णकांत उठला. त्याने ठमीला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, पण तो आधीच जिन्याकडे निघाला होता.

पुलाचा जिना त्याने इतक्या वेळा चढला होता, पण आज तो संपेना. मधल्या पायरीवर कठडा धरून उभं राहावं लागलं. वरून पूर्वेकडचा टमटमचा थांबा दिसला आणि त्यातल्या एका टमटममध्ये मागे बसलेला सुका दिसला. टमटम भरायची होती. अजून दोन माणसं कमी होती. ती दोन माणसं लवकर येऊ नयेत असं कृष्णकांत मनातल्या मनात म्हणत खाली उतरला.

तो जाऊन सुकाच्या शेजारी बसला. ड्रायव्हर म्हणाला, "चला, एकच राहिला," आणि पुढच्या माणसाला हाका मारायला लागला.



"खोटं का बोललास?" कृष्णकांतने विचारलं.

"ठमीनं सांगलान?"

"हो."

"ती म्हातारी गप नाय बसं." सुकाने पंचाने मान पुसली. "खरा सांगला असता त तुला लाज वाटली असती. म्हनून नाय सांगला."

"लाज आता वाटतेय."

"वाटू दे मंग."

कृष्णकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही, घाम समजतील लोक. "मी ते जे बोललो," तो म्हणाला, "तुम्हा लोकांना, असं. ते चुकलं माझं."

"अर्धाच बोललास."

"पुढचं पण होतं तोंडात."

"म्हाइत हाय," सुका म्हणाला. "एकुनीस वर्सा म्हाइत हाय. तू गिलतास, त्ये पन म्हाइत हाय."

कृष्णकांतला वाटलं, याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढी सगळी वर्षं हा माणूस ते ओळखून होता, आणि तरी शेजारी उभा राहत होता, उन्हात, आणि लांबून दिव्यावरून इंजिनं ओळखून सांगत होता.

"तू तरी बघायचं होतंस रे," तो म्हणाला. "निदान तू. मी लिहिलं असतं. तुझ्या एका शब्दावर लिहिलं असतं, नियम गेला खड्ड्यात. अजूनही लिहितो. पाहिलंस असं सांग नुसतं."

"नाय पायला त कसा सांगू?"

"सांग रे."

"नाय पायला, दादा."

कृष्णकांतने मान हलवली. मग यादी तशीच राहणार. एक नंबर कोरा. आता जगात कुठेही, कधीही, त्यापुढे खूण होणार नाही. त्याने ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. वाटलं होतं तितकं ते दुखलं नाही. दुखायलाही जाग लागते.

सुका बाहेर बघत होता. मग एकदम, काहीतरी चोरलेलं परत द्यावं तसं म्हणाला, "खरा सांगू? गाडी गेली न् मना जरा बरा पन वाटला."

"बरं वाटलं?"

"सगली झाली असती. मंग तू सोमवारी आला असतास का?"

आलो असतो, असं कृष्णकांतला म्हणायचं होतं. पण तो खरोखर आला असता का, ते त्याला ठाऊक नव्हतं. यादी पूर्ण झाली की घरी पडून राहायचं, असं त्याने कधीतरी पुष्पलतेला कबूल केलं होतं. त्यात सुकाचं काय होईल हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. ही लाज मघाच्या लाजेपेक्षा मोठी होती.

त्याचा फोन वाजला. सुपरवायझर होता.

"कृष्णकांत, आज रात को भी आना पड़ेगा. भावेश का बुखार उतरा नहीं है." आजपासून रात्रपाळी भावेशची होती, पण तो तापाने पडला होता.

कृष्णकांत नेहमी म्हणायचा, ठीक है साब. जीभ त्या शब्दाला वळलेलीच होती. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता, गप्प.

"नहीं आएगा साब," तो म्हणाला.

"क्यों? क्या हुआ?"

"नींद आ रहा है."

बॉयलरवाल्याने एकतीस वर्षांत असं कारण दिलं नव्हतं, त्यामुळे त्याला उत्तर काय द्यायचं ते सुपरवायझरला माहीत नसावं. मग तो म्हणाला, सोमवार को बात करेंगे, आणि फोन ठेवला. सोमवारी काय ऐकावं लागणार ते कृष्णकांतला साधारण कळलं, पण ते सोमवारी.

सुका हसत होता. आवाज न करता, पोट हलवून. "झोप येते असा सांगलास साहेबाला?"

"मग काय सांगू? येतेच आहे."

शेवटचं माणूस आलं, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. भारा टपावर चढला. ड्रायव्हरने कृष्णकांतला विचारलं, तुम्ही येताय का उतरताय? चिंचणी पश्चिमेला होती, टमटम पूर्वेला चालली होती. कृष्णकांत उतरला आणि दांड्याला धरून बाजूला उभा राहिला.

"उद्या नको येऊ," सुका आतून म्हणाला. "उद्या झोप. सोमवारी ये, पयली पाली सुटली का."

"सोमवारी काय येणार आहे?"

"काय बी नाय," सुका म्हणाला. "ये."

टमटम सुटली. कृष्णकांतने "येतो" म्हटलं, पण इंजिनाच्या आवाजात ते सुकाला ऐकू गेलं नसावं, म्हणून तो रस्त्यात चार पावलं पुढे गेला आणि पुन्हा एकदा, मोठ्याने, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं म्हणाला.